चाकोरी

व्हरमाँटमध्ये ऋतू पाच असतात,
पाचवा चिखलाचा,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
जीपीएसमधल्या बाईलाही नसावं.
क्राफ्ट्सबरीच्या अलीकडे ती म्हणाली, सरळ जा, चार मैल.
निरंजनने किल्ली देताना बजावलं होतं,
डांबर सोडू नका.
डांबरानेच आम्हाला सोडलं,
एका वळणानंतर, न सांगता.

पहिला अर्धा मैल
रस्ता मळलेल्या पिठाएवढा मऊ.
मग टायरच्या खाचा बुजल्या
आणि साडेतीन टनांची व्हॅन
शेवाळावर पाय पडलेल्या माणसासारखी
नसलेले हात पसरू लागली.
मागच्या कपाटात खलबत्ता सुटला.
(तो आणायचा नाही, असं मी म्हटलं होतं.)
"ब्रेक नको," वहिनी म्हणाल्या.
"माहीत आहे मला," मी म्हटलं
आणि ब्रेक दाबला.

चाकोरी सोडा, असं व्यासपीठावरून सांगणारे
या बाजूला फिरकले नसावेत.
इथे चाकोरी म्हणजे दुधाच्या टँकरने पाडलेले दोन चर,
वर पाणी,
खाली काय ते चाकालाच कळणार.
आत शिरलात तर पोट घासतं:
सांडपाण्याची टाकी, तिचा प्लास्टिकचा नळ,
गॅसची नळी.
बाहेर राहिलात तर कडेची जमीन
दिसते जमिनीसारखी.
आमची उजवी चाकं आत गेली, डावी बाहेर राहिली.
त्याला निर्णय म्हणता येणार नाही.

चाक फिरलं, फिरत राहिलं,
काहीतरी करपल्याचा वास आला.
वहिनी उतरल्या. पाय वर आला, बूट राहिला.
रबरी पायपुसणी चाकाखाली घातली,
ती मागच्या मागे मेपलच्या झाडांत उडाली,
जिथे निळ्या नळ्यांतून रस थेंबथेंब
कुणाच्या तरी बादलीकडे शांतपणे चालला होता.
मग त्यांनी भाऊजींची सोलापुरी चादर काढली.
मी "नको" म्हणेपर्यंत
चिखलाने ती अर्धी खाल्ली होती.

नऊ वर्षं एका स्वयंपाकघरात,
मग वाटणीचे कागद,
मग सहा वर्षं फोनसुद्धा नाही.
आता हे.

अर्लीन ट्रॅक्टरवरून आली, सत्तरीची, मांडीवर कुत्रं.
वाकून खाली बघितलं. हसली नाही.
म्हणाली, "आत्ता ओढलं तर ॲक्सल माझ्याकडे येईल
आणि गाडी तुमच्याकडे राहील.
पहाटे पाचला येते. गोठलेलं असेल.
वरचं वितळलंय, हातभर खाली अजून बर्फच आहे,
पाणी बिचारं जाणार कुठे?"
आम्ही दोघींनी एकाच वेळी दुसरीकडे पाहिलं.

तिरक्या व्हॅनमध्ये गॅस पेटवायचा नसतो,
म्हणून चिवडा आणि थंड दूध.
रात्रभर वहिनी उतारावरून
माझ्या अंगावर घसरत राहिल्या.
दोनदा मी त्यांना वर ढकललं.
तिसऱ्यांदा राहू दिलं.
त्यांचे पाय बर्फासारखे गार होते,
एका पायात अजून मोजा नव्हता.

पहाटे चिखलाची काच झाली होती.
आमची कालची धडपड जशीच्या तशी कडक,
वहिनींच्या पावलाचा खड्डासुद्धा, पाच बोटांसकट.
साखळी ताणली गेली,
दाढ उपटावी तसा आवाज आला,
आणि आम्ही बाहेर.
"स्टिअरिंग घट्ट धरू नका," अर्लीन म्हणाली,
"आता चरच नेतील. सूर्य वर यायच्या आत मात्र
डांबर गाठा."

चादरीचं एक टोक वर दिसत होतं.
वहिनींनी ओढून पाहिलं, दोन्ही हातांनी,
मग मी पण धरलं.
जमीन सोडेना.

"मे महिन्यात सापडेल," अर्लीन म्हणाली,
"पत्ता देऊन ठेवा."
वहिनींनी चष्मा लावला,
बॉनेटवर कागद ठेवून
सावकाश, शिरोरेघेशिवाय, इंग्रजीत लिहिला.

माझा.